आजचे कातिब आपणच आहोत

प्रत्येक मोहल्ल्याच्या, गावाच्या, संघटनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये एखादा मुलगा किंवा एखादी मुलगी असते, जिला सगळे हक्काने सांगतात, "जरा एक इमेज बनवून टाक ना." रमजानचे टाइमटेबल, ईदच्या शुभेच्छा, मय्यतची खबर, रक्तदान शिबिर, दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार, शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, कुठल्यातरी घटनेचा निषेध. मोबाइलमधले ॲप उघडायचे, फोटो घ्यायचा, त्यावर मजकूर टाकायचा, रंग द्यायचा, सावली द्यायची आणि पाठवायचे. दहा मिनिटांचे काम. अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांची नावे लेटरहेडवर असतात. इमेज बनवणाऱ्याचे नाव कुठेच नसते, कारण हे काम आहे असे कोणाला वाटतच नाही.

मला ते काम फार मोठे वाटते. आपल्या संघटना पुस्तिका काढतात, निवेदने देतात, लेख छापतात. त्यातले किती जण वाचतात हे आपल्याला माहीत आहे. पण चित्रावर टाकलेल्या चार ओळी आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांखालून जातात. समाजाशी आणि समाजाबाहेरच्या लोकांशी आपण सर्वात जास्त बोलतो ते या चार ओळींतून. म्हणून चित्रावर मजकूर टाकणारी व्यक्ती ही आपली संपादक आहे. तिला संपादकाचा मान द्यायला हवा आणि तिने संपादकाची शिस्त पाळायला हवी, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे थोडे तंत्राचेही बोलेन. पण मुद्दा तंत्राचा कमी आणि जबाबदारीचा जास्त आहे.

कातिबाची सही

ही जबाबदारी आपल्याला नवी नाही. संगणकावर नस्तालिक लिपी येईपर्यंत उर्दू वर्तमानपत्रांचा मजकूर कातिब हाताने लिहीत आणि ते हस्ताक्षरच छापले जाई. चेन्नईचे 'द मुसलमान' हे १९२७ साली सुरू झालेले उर्दू दैनिक तर संगणकाच्या काळातही हाताने लिहिले जात राहिले. कातिब नुसती नक्कल करत नसे. ओळ कुठे तोडायची, कोणता शब्द मोठा लिहायचा, नुक्ता कुठे पडेल, हे तो ठरवत असे. एक नुक्ता इकडचा तिकडे गेला की 'खुदा'चा 'जुदा' होतो, ही म्हण उर्दू शिकलेल्या प्रत्येक घरात ऐकायला मिळते. आणि खुशनवीस आपले काम पूर्ण झाल्यावर खाली लिहीत, 'कतबहू', म्हणजे 'हे अमक्याने लिहिले', आणि पुढे आपले नाव. सुंदर अक्षराबरोबर त्या अक्षराची जबाबदारीही ते घेत होते.

आज कातिबाची बोरू आपल्या हातात आली आहे, पण ती सही मागे राहून गेली आहे. बिनसहीच्या मजकुराचे काय होते हे महाराष्ट्रातल्या मुसलमानांना कोणी शिकवायला नको. २०१४ च्या जूनमध्ये फेसबुकवर छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी, फेरफार केलेली चित्रे फिरली. पुण्यात तणाव पसरला. २ जूनच्या रात्री हडपसरमध्ये आयटीत काम करणाऱ्या, मूळच्या सोलापूरच्या एका तरुणाला नमाजहून परत येताना जमावाने मारून टाकले. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. २०२३ च्या जानेवारीत पुण्याच्या न्यायालयाने त्या खटल्यातल्या आरोपींची निर्दोष मुक्तता केली. त्याच वर्षी ७ जूनला कोल्हापुरात व्हॉट्सॲप स्टेटसवरून दगडफेक, लाठीमार आणि इंटरनेटबंदी झाली. सप्टेंबरमध्ये साताऱ्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या पोस्टवरून मशिदीवर हल्ला झाला आणि एक तरुण जीव गमावून बसला.

या प्रत्येक घटनेमागे राजकारण आहे, संघटित द्वेष आहे, पोलिसांची आणि न्यायव्यवस्थेची जबाबदारी आहे. इमेज एडिटिंग शिकून ते सगळे सुटेल असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण एक गोष्ट आपल्या लक्षात आली पाहिजे. चित्र आणि त्यावरचा मजकूर ही आज काडेपेटीसारखी वस्तू झाली आहे, आणि तीच वस्तू आपणही रोज हाताळतो.

आकार आधी वाचला जातो

२५ फेब्रुवारी २०२४ ला लाहोरच्या इछरा बाजारात एक स्त्री पतीबरोबर आली होती. तिच्या पोशाखावर अरबी अक्षरांची छपाई होती. लोकांना वाटले त्या कुराणाच्या आयती आहेत. जमाव जमला, ईशनिंदेचा आरोप झाला, आणि एका तरुण महिला पोलीस अधिकाऱ्याने मध्ये पडून तिला बाहेर काढले म्हणून तिचा जीव वाचला. कपड्यावर लिहिलेला शब्द होता 'हलवा', म्हणजे अरबीत 'गोड, सुंदर'. जमावातल्या लोकांनी शब्द वाचला नव्हता. त्यांनी अक्षरांचे वळण पाहिले होते आणि वळणावरून अर्थ ठरवला होता.

ही घटना दुसऱ्या देशातली असली तरी तिच्यातला धडा मजकुराला स्टाइल देणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे. माणूस आधी आकार पाहतो, रंग पाहतो आणि मग, वेळ असेल तर, शब्द वाचतो. टीव्ही चॅनेलवाल्यांना हे नेमके माहीत आहे. मुसलमानांविषयीची बातमी आली की पडद्यावर हिरवा रंग, ज्वाळा, आणि अरबी वळणाची नक्कल करणारी देवनागरी. बातमी सुरू होण्याआधीच तिचा निकाल लागलेला असतो.

वाईट याचे वाटते की आपणही आपल्याच कार्यक्रमांना तोच पोशाख चढवतो. करिअर मार्गदर्शन शिबिराच्या पोस्टरवर घुमट आणि चंद्रकोर. आरोग्य तपासणीच्या पोस्टरवर वाकवलेली, टोके काढलेली, अरबीसारखी दिसणारी मराठी. कशासाठी? कोकणातल्या खेड्यांपासून मराठवाड्यातल्या तालुक्यांपर्यंत आपण मराठी बोलतो, मराठी शाळांत शिकतो, मराठीत भांडतो. मग आपल्याच मराठीला पाहुण्याचे कपडे का? मशिदीच्या कार्यक्रमाला घुमट शोभतो, त्याला माझी हरकत नाही. पण रक्तदानाचे पोस्टर शेजारच्या गल्लीतल्या बिगरमुस्लिम तरुणानेही आपले समजून वाचावे असे वाटत असेल, तर अक्षर साधे, सरळ, रोजच्या वापरातले हवे. एक टाइप ही मुंबईची संस्था आहे. तिचे मुक्ता आणि बलू हे देवनागरी फॉंट मोफत मिळतात. गूगलचे नोटो फॉंट देवनागरीतही आहेत आणि उर्दूच्या नस्तालिकमध्येही. अरबी मजकुरासाठी अमिरी हा उत्तम नस्ख फॉंट मोफत आहे. चोरीचे फॉंट उतरवून घेण्याची गरज राहिलेली नाही.

रंगांचेही तसेच. हिरव्यावर लाल अक्षरे आपल्याला फार आवडतात. लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा असलेल्या माणसाला ती नीट दिसतच नाहीत. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांनुसार साधा मजकूर आणि मागची बाजू यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढा फरक हवा. मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. हा फरक मोजून देणारी साधने इंटरनेटवर फुकट आहेत. फोटोवर मजकूर टाकायचा असेल तर अक्षरांना बाहेरून जाड कड, वरून चमक आणि खालून सावली असे तिन्ही देण्यापेक्षा मजकुराच्या मागे एक गडद पट्टी टाकावी. पट्टीवरची पांढरी अक्षरे आजोबांनाही चष्म्याविना वाचता येतात.

सॉफ्टवेअर अक्षरांचे काय करते

आता थोडे तंत्र. हे समजले की आपल्या बॅनरवर दिसणाऱ्या निम्म्या चुका टाळता येतात.

इंग्रजी अक्षरे एकामागे एक ठेवली की शब्द होतो. आपल्या लिप्यांचे तसे नाही. अरबी-उर्दूत बहुतेक अक्षरांचे शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी आणि सुटे असे चार आकार असतात, आणि लेखन उजवीकडून डावीकडे जाते. देवनागरीत 'कि' लिहिताना संगणक आधी क आणि मग ऱ्हस्व वेलांटी साठवतो, पण दाखवताना वेलांटी क च्या आधी काढावी लागते. जोडाक्षरांचे नियम आणखी वेगळे. हे सगळे जुळवून देणारा सॉफ्टवेअरचा एक भाग असतो. त्यातला सर्वात जास्त वापरला जाणारा भाग म्हणजे हार्फबझ. त्याचे नाव फारसीतून आले आहे. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे खुले. एका इराणी वंशाच्या प्रोग्रामरने त्याला आजचे रूप दिले. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस या सगळ्यांत तो आहे. म्हणजे तुमच्या मोबाइलवर उर्दू आणि मराठी एकाच स्क्रीनवर नीट दिसतात, त्यामागे एकच यंत्रणा दोन्ही लिप्या सांभाळत असते.

जिथे असा भाग नसतो किंवा बंद असतो, तिथे घोळ होतो. अरबी अक्षरे सुटी सुटी आणि उलट क्रमाने येतात. कित्येक बॅनरवर 'बिस्मिल्लाह' असे तुकडे होऊन, डावीकडून उजवीकडे पडलेले असते आणि सभागृहात बसलेल्या कोणाच्याही ते लक्षात येत नाही. देवनागरीत वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाते आणि 'विद्यार्थी'मधला द्य पाय मोडून पडतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत हे झाले तर प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात जाऊन टेक्स्ट इंजिन 'मध्यपूर्व आणि दक्षिण आशियाई' असे निवडावे लागते. गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर हार्फबझवरच चालते, त्यामुळे तिथे सहसा अडचण येत नाही. फ्लेक्सच्या दुकानात मात्र आजही जुने, युनिकोडपूर्व फॉंट चालतात. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. तो फॉंट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून दुकानदाराला फाइल देताना पीडीएफ द्यावी, आणि मूळ मजकूर युनिकोडमध्ये आपल्याकडे ठेवावा.

मराठीच्या काही गोष्टी हिंदीच्या सवयीने निसटतात. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यांना' बोलावले तर गुरुजी येतील, 'आचाऱ्यांना' बोलावले तर बिर्याणी शिजवणारे. हा अर्धा र अनेक कीबोर्डवर सहज सापडत नाही, म्हणून पोस्टरवर 'दुसर्या दिवशी', 'येणार्या पाहुण्यांचे स्वागत' असे सर्रास दिसते. युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्ता असलेला ऱ, मग हलंत, मग य असा क्रम आहे. आपल्या कीबोर्डवर तो कुठे आहे हे एकदा शोधून ठेवा. ल आणि श यांचे मराठी वळणही हिंदीपेक्षा वेगळे आहे, आणि महाराष्ट्र शासनाने २००९ साली काढलेल्या वर्णमालेच्या निर्णयात ते मराठी वळणच प्रमाण मानले आहे. काही फॉंटमध्ये दोन्ही वळणे असतात, आणि मजकुराची भाषा मराठी ठेवली की योग्य ते येते.

स्टाइल देताना तीन बटणांपासून सावध राहा. पहिले, अक्षरांमधली जागा वाढवणारे. इंग्रजीत ते शोभते, पण देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि उर्दूत जोडलेली अक्षरे विलग होतात. दुसरे, खोटे ठळक आणि खोटे तिरके. फॉंटमध्ये ठळक रूप नसताना सॉफ्टवेअर अक्षर नुसते फुगवते, मग क्ष आणि ज्ञ यांची पोकळी बुजून काळा ठिपका उरतो. तिसरे, दोन ओळींमधले अंतर. ॲपचे मूळ माप इंग्रजीच्या हिशोबाने असते. आपल्याकडे वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतला रफार एकमेकांवर आदळतात. देवनागरीला अंतर जास्त हवे, आणि तिरकी उतरत येणाऱ्या नस्तालिकला त्याहून जास्त. फॉंट निवडण्याआधी 'विद्यार्थी, शक्ती, दुसऱ्या, क्षमा, दुर्गुण, प्रश्न' एवढे शब्द टाइप करून पाहावेत. यातला एकही शब्द मोडला तर दुसरा फॉंट घ्यावा.

आता एआयला सांगून आख्खे पोस्टर बनवणेही सुरू झाले आहे. देवनागरी आणि उर्दूत अशी चित्रे अनेकदा अक्षरांसारखे दिसणारे, पण न वाचता येणारे काहीतरी काढून देतात. लाहोरची घटना आठवा. अर्थ नसलेले पण अरबीसारखे दिसणारे अक्षर आपल्याच पोस्टरवर जाणे ही गंमत नाही. चित्र हवे तर एआयकडून घ्यावे, अक्षरे आपल्या हाताने टाइप करावीत.

चित्रात अडकलेला मजकूर

मजकूर चित्रात गेला की तो मजकूर राहत नाही, रंगीत ठिपके होतो. संपादन करताना टेक्स्ट लेअर असतो तोवर शब्द बदलता येतो. जेपीजी करून पाठवले की तो दरवाजा बंद होतो.

त्याचे परिणाम रोज दिसतात. शिष्यवृत्तीच्या इमेजवर 'शेवटची तारीख ३० नोव्हेंबर' असते, वर्ष नसते. केंद्र सरकारने पहिली ते आठवीच्या मुलांची अल्पसंख्याक प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून थांबवून ती नववी-दहावीपुरती ठेवली. त्याआधीची एखादी बिनवर्षाची इमेज आज हातात पडली तर एखादी आई मजुरी बुडवून, चौथीतल्या मुलाची कागदपत्रे घेऊन, सेतू केंद्राच्या रांगेत उभी राहील. तिचा तो दिवस कोण परत देणार? चार आकडी वर्ष टाकायला आपल्याला दोन सेकंद लागतात.

दुसरा परिणाम अंध व्यक्तींवर होतो. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ५० लाख लोकांनी दृष्टीचे अपंगत्व नोंदवले होते. अँड्रॉइडमधले टॉकबॅक मेसेज मोठ्याने वाचून दाखवते, पण इमेज आली की ती फक्त 'फोटो' असते, त्यातला मजकूर सरळ ऐकू येत नाही. मोहल्ल्यातल्या दिसत नसलेल्या माणसाला मय्यतची वेळ कळत नाही, कारण आपण ती सुंदर काळ्या चौकटीत बसवली आहे. तिसरा परिणाम शोधण्यावर. सहा महिन्यांनी ग्रुपमध्ये 'रक्तदान' शोधले तर इमेजमधले काहीच सापडत नाही. समाजाने वर्षभर केलेले काम गॅलरीत पडून राहते आणि मोबाइल भरला की पुसले जाते.

उपाय सोपा आहे. इमेज पाठवताना तोच मजकूर खाली कॅप्शनमध्ये टाइप करून द्यावा. वेबसाइटवर किंवा पेजवर टाकताना ऑल्ट टेक्स्टच्या रकान्यात भरावा. व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करते तेव्हा जेपीजीतल्या अक्षरांच्या कडा पुसट होतात, तरी खालचा मजकूर शाबूत राहतो. कॅप्शनमधला मजकूर मराठीतून उर्दूत किंवा इंग्रजीत नेणेही सोपे, आणि तारीख चुकली तर कोणीही लगेच दुरुस्त करून पाठवू शकते.

'मुद्रक, प्रकाशक' ही ओळ

जुन्या मराठी हँडबिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-गाव असायचे. ती शोभेची ओळ नव्हती. १८६७ च्या छापखान्यांविषयीच्या कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक केले होते. निवडणुकीच्या पत्रकांवर ते १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ नुसार आजही द्यावे लागते. इंग्रजांनी तो कायदा आपल्यावर नजर ठेवण्यासाठी आणला हे खरे. पण त्यातून वाचकालाही एक हक्क मिळाला. हे कोण म्हणतो आहे, ते विचारता येऊ लागले.

आपण ती ओळ स्वतःहून पुन्हा आणावी असे मला वाटते. संघटनेकडून जाणाऱ्या प्रत्येक इमेजच्या तळाशी संघटनेचे नाव, गाव, पूर्ण तारीख आणि माहितीचा आधार. आयत असेल तर सूरा आणि आयतीचा क्रमांक. हदीस असेल तर संग्रहाचे नाव आणि क्रमांक. सरकारी योजना असेल तर शासन निर्णयाची तारीख. मौलाना आझाद, बाबासाहेब आंबेडकर, अब्दुल कलाम यांच्या फोटोखाली वाक्य टाकायचे असेल तर ते कोणत्या पुस्तकात किंवा भाषणात आहे ते. आधार सापडला नाही तर वाक्य टाकू नये. थोर माणसाच्या तोंडी आपले वाक्य घालणे हा खोटेपणाच आहे, वाक्य कितीही चांगले असले तरी.

"समोरचे पाळतात का हे सगळे?"

हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. खोटी चित्रे बनवणारे सही करत नाहीत. शिवाय जोरकस, लाल, ओरडणारी इमेज जास्त फिरते. आपण सभ्य पट्टीवर पांढरी अक्षरे टाकत बसायचे का?

माझे उत्तर असे आहे. ओरडण्याच्या स्पर्धेत आपण जिंकणार नाही, कारण तिथे आवाज आणि पैसा दोन्ही त्यांच्याकडे जास्त आहे. आपल्याला वेगळी गोष्ट कमवायची आहे: या नावाने आलेली इमेज खरी असते, हा विश्वास. तो एका दिवसात येत नाही. पण अफवेच्या रात्री गावातल्या पत्रकाराला, शिक्षिकेला, पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याला आणि शेजारच्या काकांना तुमच्या नावावर भरवसा असेल, तर तुमचे एक साधे निवेदन कामाला येते. तो भरवसा आधी शंभर साध्या इमेजनी कमावलेला असावा लागतो.

दुसरी हरकत याहून गंभीर आहे. नाव टाकले तर आम्हालाच उचलतील. ही भीती खोटी नाही. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये पालघरच्या दोन तरुण मुलींना, ज्यांतली एक मुस्लिम होती, बंदविषयीच्या साध्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. त्या प्रकरणानंतर लढल्या गेलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले. कलम गेले, भीती उरली. म्हणून एकट्या मुलाचे किंवा मुलीचे नाव इमेजवर टाकावे असे मी म्हणत नाही. नाव संघटनेचे असावे, आणि इमेज बनवणाऱ्याच्या मागे संघटनेने उभे राहावे. पाठवण्याआधी दुसऱ्या एका जबाबदार माणसाने ती वाचलेली असावी. पदाधिकारी नामानिराळे आणि अडकला तर एकोणीस वर्षांचा पोरगा, ही आजची पद्धत अन्यायाची आहे.

शिवाय सही संरक्षणही देते. तुमच्या इमेजमध्ये फेरफार करून ती तुमच्याच नावाने फिरवली जाऊ शकते. त्या वेळी मूळ प्रत तुमच्या पेजवर तारखेसह टाकलेली असेल आणि लेअर असलेली मूळ फाइल जपून ठेवलेली असेल, तर आम्ही काय प्रसिद्ध केले होते हे दाखवता येते. बिननावाच्या इमेजची मूळ प्रत कुठे आहे हे सांगणारच कोण?

सुरुवात कुठून

हे सगळे करायला निधी लागत नाही. प्रत्येक शाखेने एक रविवार काढावा. लॅपटॉप असेल त्याने गिम्प उतरवून घ्यावे, बाकीच्यांनी आपापल्या मोबाइलमधले ॲप उघडावे. आपल्याच मागच्या वर्षभराच्या दहा इमेज भिंतीवर दाखवाव्यात आणि प्रत्येकीला पाच प्रश्न विचारावेत: अक्षरे मोडली आहेत का? लांबून वाचता येते का? वर्षासह तारीख आहे का? आधार दिला आहे का? मजकूर कॅप्शनमध्येही आहे का? उर्दू जाणणाऱ्या एखाद्या बुजुर्गांना बोलवावे, ते सुटलेला नुक्ता लगेच दाखवतील. मराठीच्या शिक्षिका असतील तर त्यांनाही बोलवावे. त्या मुस्लिम नसतील तर अधिकच चांगले, आपले पोस्टर बाहेरून कसे दिसते हेही त्या सांगतील.

मग दोन माणसे नेमावीत, एक बनवणारा आणि एक तपासणारा, आणि त्यांची नावे कार्यकारिणीच्या यादीत लिहावीत. अध्यक्षांनी रात्री साडेअकराला फोन करून "आत्ताच्या आत्ता निषेधाची इमेज टाक" म्हटले, तर "आधार पाठवा, मग टाकतो" असे म्हणण्याचा अधिकार त्या दोघांना असावा. हा अधिकार ठरावात लिहून घ्यावा, कारण आपल्याकडे वयाने लहान असलेल्याचे तोंडी कोणी ऐकत नाही.